जादा कोण? प्रिबिलॉफच्या सीलांचा हिशेब

१८९३ साली पॅरिसमध्ये सात पंचांचे लवाद-मंडळ बसले. भांडण अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात होते, आणि ते बेरिंग समुद्रातल्या फर सीलांवरून. अमेरिकेच्या गस्ती जहाजांनी १८८६ पासून कॅनडाची सील मारणारी गलबते भर समुद्रात पकडली होती. कॅनडाचे परराष्ट्र व्यवहार तेव्हा ब्रिटनच्या हाती असल्यामुळे मामला लंडनला गेला आणि तिथून पॅरिसला आला. कायद्याचा मुद्दा सरळ होता: किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे पोहणाऱ्या जनावरावर एखाद्या राष्ट्राचा हक्क पोचतो का? पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडला होता आणि तो कायद्याच्या पुस्तकांत सापडणारा नव्हता. सील झपाट्याने कमी होत आहेत हे दोन्ही पक्षांना मान्य होते; का कमी होत आहेत, यावर जुंपली होती. अमेरिका म्हणे, कॅनडाची गलबते समुद्रात माद्या मारतात म्हणून. ब्रिटन म्हणे, अमेरिकेची मक्तेदार कंपनी बेटांवर इतके नर मारते की माद्यांना नर पुरत नाहीत म्हणून. नर-मादीचे प्रमाण आणि प्रजेची वाढ यांचे नाते काय, हा पुढे गणिती जीवशास्त्राचा झालेला प्रश्न आधी दोन बड्या सत्तांच्या वकिलांनी लढवला तो असा.

प्रिबिलॉफ बेटांवरच्या या कळपाचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आपल्यापुढे आहे. तो सलग पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कळपात ‘जादा’ कोण, नर की मादी, याचे उत्तर दर पिढीत ज्याच्या हातात कातडी होती त्याच्या सोयीचे निघाले. बेटांवर नर मारणाऱ्यांना नर जादा वाटले, समुद्रात माद्या मारणाऱ्यांना नर अपुरे वाटले, आणि १९५६ नंतर माद्या मारायच्या ठरल्या तेव्हा माद्या जादा ठरल्या. मग ही सगळीच उत्तरे सारखी खोटी होती का? नव्हती. स्वार्थातून निघालेले एक उत्तर मोजणीच्या कसोटीला उतरले, दुसरे उतरले नाही, आणि तिसरे तर शास्त्रज्ञांनी सद्‌हेतूने, गणित मांडून दिले असूनही फसले. असे का झाले, हे पाहण्याजोगे आहे. कारण नर-मादीच्या प्रमाणाचा नुसता आकडा वाढीविषयी काहीच सांगत नाही. तो बोलका होतो तो त्या प्राण्याच्या समागमाची रीत कळल्यावर, आणि तीही अंदाजाने नव्हे, मोजून.

प्रिबिलॉफ हा बेरिंग समुद्रातला चिमुकला द्वीपसमूह, अल्यूशियन बेटांच्या उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटरवर. सेंट जॉर्ज आणि सेंट पॉल ही त्यातली मुख्य बेटे. उत्तर पॅसिफिकमधले फर सील मोठ्या संख्येने विणीसाठी इथे येतात. मे-जूनमध्ये आधी पोक्त नर येतात, प्रत्येक जण खडकाळ किनाऱ्यावरचा आपला तुकडा अडवतो आणि तो राखण्यासाठी जवळजवळ दोन महिने अन्नपाण्याविना तिथेच ठाण मांडून बसतो. नराचे वजन दोनशे किलोंच्या पुढे, मादीचे त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा. जून-जुलैत माद्या येतात, एक-दोन दिवसांत वितात, प्रत्येकी एकच पिल्लू. आणि आठवड्याभराच्या आत पुन्हा गाभण होतात. मग पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून मादी चाऱ्यासाठी समुद्रात जाते, कित्येक दिवसांनी परतते, पाजते, पुन्हा जाते. हे चार महिने चालते. नर पाच-सहा वर्षांत वयात येतो, पण आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला जनानखाना मिळत नाही. तोवरचे तरुण नर विणीच्या किनाऱ्यापासून वेगळे, आपापले तळ करून राहतात. या एका सवयीने पुढचा सारा इतिहास घडवला. तरुण नरांना माद्यांना धक्का न लावता वेगळे हाकून नेता येत होते, आणि तीन-चार वर्षांच्या नराचे कातडेच बाजारात सर्वात चांगले मानले जात होते. निसर्गाने वर्गवारी करून ठेवलेली, व्यापाऱ्याने फक्त उचलायची.

१७८६ मध्ये गाव्रील प्रिबिलॉव्ह हा रशियन दर्यावर्दी या बेटांना लागला, आणि मारणाऱ्यांची रांग लागली. कामाला अल्यूट लोक जबरदस्तीने आणले गेले. पुढे दीडशे वर्षे सील हाकणे, दंडुक्याने मारणे, कातडी सोलणे ही सारी कामे त्यांनीच केली आणि आधी रशियाच्या, मग अमेरिकेच्या अमलाखाली जवळजवळ वेठबिगारीत काढली. सीलांच्या संख्येची कोष्टके काटेकोर होत गेली तेव्हाही त्यांच्या मजुरीचा हिशेब ढिसाळच राहिला. सुरुवातीची कत्तल नर-मादी न पाहता झाली आणि १८३० च्या दशकापर्यंत कळप पार खचला. तेव्हा रशियन-अमेरिकन कंपनीने हात आखडता घेतला आणि १८४० च्या दशकात माद्या मारणे बंद केले. याच सुमारास उनालास्का बेटावर पाद्री म्हणून राहिलेल्या इव्हान वेनियामिनोव्ह यांनी एक विलक्षण काम केले. काही वर्षे मारणे थांबवले तर काय, ठरावीक प्रमाणात चालू ठेवले तर काय, अशी वर्षवार कोष्टके मांडून सीलांची संख्या कशी चालेल याचे गणित त्यांनी केले. ते १८४० साली छापून निघाले. प्राणिसंख्येच्या भाकिताचा इतका जुना आणि इतका व्यवहारी प्रयत्न फारसा आढळत नाही. १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेला विकले गेले तोवर कळप पुन्हा फोफावला होता. माद्या राखल्या आणि तरुण नर मारले तर कळप वाढतो, याचा हा पहिला दाखला.

अमेरिकेने १८७० मध्ये अलास्का कमर्शियल कंपनीला वीस वर्षांचा मक्ता दिला. वर्षाला एक लाखापर्यंत सील मारायचे, तेही नरच. यामागचा विचार गुरे पाळणाऱ्या कुणालाही पटणारा होता. गावच्या खिल्लाराला एकदोन वळू पुरतात. बाकीचे गोऱ्हे खच्ची करून औताला जुंपले म्हणून वासरे कमी होत नाहीत. सीलांत तर एकेक नर तीस-तीस, चाळीस-चाळीस माद्या सांभाळतो आणि जन्माला येणारी पिल्ले मात्र निम्मी नर, निम्मी मादी. म्हणजे दर पिढीत बहुसंख्य नर ‘फालतू’. हेन्री वुड एलियट या चित्रकार-निसर्ग अभ्यासकाने १८७२ पासून बेटांवर राहून सीलांची संख्या ४७ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. तो बराच फुगलेला होता हे नंतर दिसले, पण त्या आकड्याच्या भरवशावर एक लाख नर म्हणजे किरकोळ वाटले. १८९० मध्ये मक्ता नॉर्थ अमेरिकन कमर्शियल कंपनीकडे गेला. त्या हंगामात ६० हजारांची मुभा असताना जेमतेम २१ हजार कातडी हाती लागली. तरुण नर मिळेनासे झाले होते. एलियट त्या वर्षी परत आला आणि ओसाड पडलेले किनारे पाहून हादरला.

दरम्यान समुद्रावर दुसराच धंदा भरभराटीला आला होता. व्हिक्टोरियाहून निघणारी गलबते सीलांच्या स्थलांतराच्या वाटेवर आणि बेरिंग समुद्रात त्यांना गाठून मारत. पाण्यात पोहणाऱ्या सीलाचे लिंग ओळखून मारणे शक्य नव्हते, आणि उन्हाळ्यात बेटांपासून दूर सापडणारे सील बहुतेक चाऱ्यासाठी बाहेर पडलेल्या लेकुरवाळ्या माद्याच असत. गोळी लागलेले कित्येक बुडून जात, म्हणजे ते हिशेबातही येत नसत. एक मादी मेली की तिचे किनाऱ्यावरचे पिल्लू उपासमारीने मरे आणि पोटातले तिच्याबरोबर जाई. एका गोळीत तीन जीव. हे अमेरिकेचे म्हणणे. ब्रिटनच्या बाजूने जॉर्ज डॉसन आणि जॉर्ज बेडन-पॉवेल यांनी १८९१ मध्ये पाहणी करून उलट बाजू मांडली: जमिनीवर वर्षानुवर्षे तरुण नर मारल्यामुळे जनानखाने सांभाळायला नवे नर उरलेले नाहीत, माद्या गाभण राहत नाहीत, म्हणून कळप आटतो आहे. पंचांनी कायद्याच्या मुद्द्यावर अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. पकडलेल्या गलबतांबद्दल अमेरिकेला पुढे ४ लाख ७३ हजार डॉलर भरावे लागले. सीलांसाठी म्हणून बेटांभोवती ६० मैलांचे रिंगण आखले गेले आणि मे ते जुलै समुद्रात मारण्यास बंदी झाली. माद्या चाऱ्यासाठी ६० मैलांच्या पुष्कळ पलीकडे जातात आणि ऑगस्टमध्येही पाजत असतात, ही गोष्ट त्या रिंगणात बसली नाही. नियम लागू झाले त्याच वर्षी, १८९४ मध्ये, समुद्रातली शिकार ६० हजारांच्या वर गेली. हा तिचा उच्चांक.

पॅरिसमध्ये जो वाद युक्तिवादाने सुटला नाही तो तीन-चार वर्षांनी मोजणीने बराचसा सुटला. १८९६ आणि १८९७ च्या उन्हाळ्यांत दोन्ही देशांनी आपले जाणकार बेटांवर पाठवले. अमेरिकेच्या बाजूने मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन होते. ब्रिटनने डार्सी टॉम्पसन या तरुण प्राध्यापकाला पाठवले. सजीवांच्या आकाराचे गणित मांडणाऱ्या ग्रंथामुळे पुढे जगभर नाव झाले ते हेच टॉम्पसन. त्यांनी अंदाज करत बसण्याऐवजी किनारे चालून काढले. जनानखाने मोजले, मेलेली पिल्ले मोजली, समुद्रातल्या शिकारीत माद्या किती हे तपासले. जनानखान्यांच्या कडेला जागा मिळण्याची वाट पाहणारे रिकामे नर आहेत का, हे तर मुद्दाम पाहिले. कारण नर खरोखरच अपुरे असतील तर एकही रिकामा दिसायला नको. रिकामे नर दिसले. उपाशी मेलेल्या पिल्लांचे खच दिसले. समुद्रातल्या शिकारीत माद्यांचे प्रमाण फार मोठे निघाले. १८९७ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनला दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी संयुक्त निवेदन काढले, आणि त्यात ब्रिटिश पक्षानेही मान्य केले की या प्राण्याच्या बहुपत्नीक रीतीमुळे बरेच नर काढून घेतले तरी कळपाला धक्का बसत नाही. माद्या काढल्या तर बसतो. अमेरिकेचा स्वार्थ त्यात होता हे उघड आहे. मक्त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीत येत होते. तरीही विरुद्ध पक्षाच्या माणसाने स्वतः मोजून तो निष्कर्ष मान्य केला, याला वजन आहे.

पण संयुक्त निवेदनाने गोळ्या थांबल्या नाहीत. कॅनडाची गलबते होतीच, नव्या शतकात जपानचीही आली, आणि पॅरिसचे नियम जपानला लागू नव्हते. अखेर १९११ च्या जुलैत अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी करार करून समुद्रातली शिकार बंद केली. बदल्यात बेटांवरच्या कातड्यांतला ठरावीक वाटा जपान आणि कॅनडाला द्यायचा ठरला. इथे एलियट पुन्हा रिंगणात उतरला. समुद्रातली शिकार घातक आहे हे तो मानतच होता, पण जमिनीवर नर मारणेही तितकेच घातक, असा त्याचा आग्रह होता. काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९१२ च्या कायद्याने व्यापारी कत्तल पाच वर्षे थांबवली. एलियट अगदीच चुकीचा नव्हता. कातडी मिळेनाशी झाल्यावर मक्तेदाराने दोन-दोन वर्षांच्या नरांवरही हात टाकला होता, आणि १९०४ पासून सरकारलाच दर हंगामात २ हजार तरुण नर खूण करून राखून ठेवण्याचा नियम करावा लागला होता. जादा नरांनाही तळ असतो, याची ही मुकाट्याने दिलेली कबुलीच. तरी त्याच्या मुख्य म्हणण्याची परीक्षा १९१२ च्या शिरगणतीने आपोआप घेतली. त्या वर्षी जनानखान्याचे नर साडेतेराशेच्या आसपास भरले आणि पिल्ले ८२ हजारांच्या घरात. म्हणजे एका नरामागे सरासरी ६० माद्या. नर कमी पडल्याने माद्या वांझ राहत असत्या, तर १९१३ ची पिल्ले घटायला हवी होती. ती वाढली. यावर कुणी म्हणेल की कळप सावरला तो नर मारणे थांबवल्यामुळेच. पण मारणे १९१८ मध्ये पुन्हा सुरू झाले, पुन्हा तरुण नरच मारले गेले, आणि कळपाची दरवर्षी सुमारे ८ टक्क्यांची वाढ थांबली नाही. १९१२ ला सव्वादोन लाखांच्या आत असलेला कळप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पंधरा लाखांच्या पुढे गेला. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कोणत्या गोष्टीचा परिणाम कोणता हे सांगता येत नाही. इथे सुदैवाने दुसरी गोष्ट पुन्हा जुन्यावर आणली गेली, म्हणून निवाडा करता येतो.

मग नर खरोखर फालतू असतात का? असतील तर निसर्ग ते निम्मे का जन्माला घालतो? या कोड्याची उकल कार्ल ड्यूसिंग यांनी १८८४ मध्ये आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये केली. कळपातल्या प्रत्येक पिल्लाला एकच बाप आणि एकच आई असते. त्यामुळे साऱ्या नरांची मिळून जितकी संतती, तितकीच साऱ्या माद्यांची मिळून. नर कमी झाले की सरासरी नराच्या वाट्याला जास्त संतती येते, म्हणजे ज्या आयांना मुलगे होतात त्यांचा वंश पुढे सरकतो, आणि प्रमाण पुन्हा निम्म्यावर येते. शंभरातले नव्वद नर निपुत्रिक मेले तरी उरलेल्या दहांची संतती हा तोटा भरून काढते. म्हणजे जादा नर हे व्यापाऱ्याच्या वहीतले जादा आहेत. कळपाच्या वाढीपुरते ते जादा असतीलही, पण निसर्गाने त्यांना कळपाच्या वाढीसाठी जन्माला घातलेलेच नाही. हा फरक धूसर झाला की नर काढून घेण्यात काहीच धोका नाही असे वाटू लागते.

याच वेळी लोकसंख्येचे गणित माद्यांवर उभे राहत होते. आल्फ्रेड लोटका यांनी, आणि १९४५ मध्ये पॅट्रिक लेस्ली यांनी मांडलेल्या कोष्टकी पद्धतीत वयवार माद्या आणि त्यांची जननक्षमता एवढेच घेतले जाते. नर पुरेसे आहेत असे गृहीत धरलेले असते. गृहीत सोयीचे आहे आणि बहुधा खरेही ठरते. ते कुठे मोडते हे माणसांच्याच आकडेवारीत आधी दिसले होते. पहिल्या महायुद्धात तरुण पुरुष मोठ्या संख्येने मेल्यावर फ्रान्सचा हिशेब रोबर्ट कुचिन्स्की यांनी दोन्ही बाजूंनी केला. स्त्रियांच्या बाजूने मोजले तर पिढी आक्रसत होती, पुरुषांच्या बाजूने मोजले तर वाढत होती. एकच देश, एकच काळ. दोन्ही बाजू जुळवायच्या तर मुले नर आणि मादी दोघांच्या संख्येवर कशी अवलंबून आहेत याचे सूत्र लागते, आणि ते सूत्र समागमाच्या रीतीतूनच मिळते. साधे उदाहरण घेऊ. हजार माद्या आहेत आणि एक नर हंगामात चाळीस माद्यांना पुरतो. मग २५ नर झाले की काम भागले. नर २५ असोत की ५००, पिल्ले तेवढीच. पण नर २० झाले तर दोनशे माद्या रिकाम्या राहतात, १० झाले तर सहाशे. खऱ्या रानात नर-मादीची गाठ पडायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षातला आलेख असा काटकोनी नसतो. हरात्मक मध्य वापरणारी सूत्रे त्याला गोलाई देतात. १९८६ मध्ये हॅल कॅसवेल आणि डॅनिएल वीक्स यांनी अशा द्विलिंगी सूत्रांतून संख्येचे हेलकावे, अनियमित उलथापालथ आणि प्रजेचा अंतही निघू शकतो हे दाखवले. आपल्या कथेपुरता मुद्दा एवढाच की आलेखाचा फार मोठा भाग सपाट असतो. त्या सपाटीवर उभे राहून पाहणाऱ्याला नर काढण्याचा काहीच परिणाम दिसत नाही, आणि कडा किती दूर आहे हेही त्या सपाटीवरून दिसत नाही. प्रिबिलॉफला ६० ला १ या प्रमाणातही कळप सपाटीवरच होता, हे १९१३ ने सांगितले. तो कुठे घसरला असता हे कळले नाही, कारण तिथवर कुणी गेलेच नाही.

आणि इथे तिसरा अंक सुरू होतो. विसाव्या शतकाच्या मध्याला कळपाची वाढ मंदावली होती. कार्ल केन्यन, व्हिक्टर शेफर आणि डग्लस चॅपमन यांनी १९५४ मध्ये कळपाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी मत्स्यव्यवसायात ‘कमाल शाश्वत उत्पन्न’ या कल्पनेचा बोलबाला होता: कळप फार दाट झाला की पिल्ले जास्त मरतात, मग थोडा विरळ केला तर उरलेल्यांची पिल्ले अधिक जगतील आणि उत्पन्न वाढेल. म्हणजे आता माद्या जादा. १९५७ मध्ये चार देशांच्या नव्या करारात हेच उद्दिष्ट म्हणून लिहिले गेले. सील मासे खातात ही जपानची जुनी तक्रारही होतीच. १९५६ ते १९६८ या काळात तीन लाखांहून अधिक माद्या मारल्या गेल्या. अपेक्षेप्रमाणे उरलेल्या माद्यांची पिल्ले वाढायला हवी होती. वाढली नाहीत. पिल्लांची संख्या खाली गेली आणि माद्या मारणे थांबल्यावरही नीट सावरली नाही. अ‍ॅन यॉर्क आणि जेम्स हार्टली यांनी १९८१ मध्ये हिशेब लावला तेव्हा पिल्लांच्या घटीतला सुमारे ७० टक्के भाग या माद्यांच्या कत्तलीनेच समजावून सांगता येत होता. एक आक्षेप इथे रास्त आहे: उरलेल्या ३० टक्क्यांचे काय? समुद्रातल्या जाळ्यांचे तुकडे, मासेमारी, बदलते समुद्रमान अशी कारणे पुढे केली जातात, आणि नंतरच्या दशकांतली घट तर माद्यांच्या कत्तलीच्या माथी मारताच येत नाही. पण त्यामुळे १९५६ चा निर्णय बरोबर ठरत नाही. १८९७ च्या जाणकारांनी किनाऱ्यावर जे दिसत होते तेच मोजले होते. १९५६ च्या जाणकारांनी आधीच्या आकड्यांवरून एक वक्ररेषा काढली आणि कळपाला अशा जागी नेले जिथे त्या रेषेखाली एकही निरीक्षण नव्हते. त्यांचे गणित पाद्री वेनियामिनोव्हच्या कोष्टकांपेक्षा कितीतरी प्रगत होते. मादीच्या बाजूने पाहता तिथे सपाटी नाहीच. पहिल्या मादीपासूनच उतार सुरू होतो, हे मात्र पाद्र्याच्या काळीच माहीत झाले होते. सेंट जॉर्जवरची व्यापारी कत्तल १९७३ मध्ये थांबली आणि सेंट पॉलवरची १९८४ मध्ये.

नरांच्या बाजूची कडा दिसली ती दुसऱ्याच प्राण्यात आणि दुसऱ्याच देशात. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतला साइगा हा कुरंग हरणासारखा, पण फुगीर लोंबत्या नाकाचा. शिंगे फक्त नराला. डिसेंबरात एकेक नर माद्यांचा जथा गोळा करतो. माद्या पहिल्याच वर्षी वयात येतात आणि पोक्त मादीला बहुधा जुळी होतात. म्हणजे वाढीचा वेग अफाट. सोव्हिएत काळात शिकार नियंत्रित होती. १९९१ नंतर गावे बेकार झाली, चीनची सरहद्द खुली झाली आणि औषधासाठी शिंगांना भाव आला. गेंड्याच्या शिंगाऐवजी साइगाचे शिंग वापरा, असा सल्ला काही निसर्गसंरक्षकांनीच त्या सुमारास दिला होता. हेतू चांगला होता, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. चोरटी शिकार प्रौढ नरांवर तुटून पडली. दहा-बारा वर्षांत दहा लाखांच्या आसपासचा साइगा पन्नास हजारांच्या घरात आला. ई. जे. मिल्नर-गुलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की प्रौढ नर अडीच टक्क्यांच्या आसपास असेपर्यंत माद्यांच्या गाभण राहण्यावर फारसा परिणाम नव्हता. एक टक्क्याखाली गेल्यावर मात्र वीण कोसळली. आणि ती साऱ्या माद्यांत सारखी कोसळली नाही. उरल्यासुरल्या नराभोवती पोक्त माद्या गर्दी करत आणि तरुण माद्यांना हुसकावून लावत, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या माद्या रिकाम्या राहिल्या. नर माद्यांसाठी झगडायचे ते आता माद्या नरासाठी झगडू लागल्या. उपासमार, थंडी, आजार यांमुळेही वीण घटू शकते हा आक्षेप अभ्यासकांनाही ठाऊक होता. त्यांनी आपला निष्कर्ष ‘बहुधा’ या शब्दासह मांडला. पण नुसत्या उपासमारीने तरुण आणि पोक्त माद्यांत असा फरक, तोही नेमका नर संपल्यावर, कसा पडावा हे सांगणे अवघड आहे. काटकोनी सूत्रात हे कुठेच नव्हते. तिथे नर कमी पडले की माद्या सरसकट रिकाम्या राहतात. इथे कोण रिकामी राहील हे माद्यांच्या आपसांतल्या वागण्याने ठरवले.

म्हणून प्रिबिलॉफचा ६० ला १ आणि साइगाचा शंभराला एक हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून सरासरी काढण्यात अर्थ नाही. सीलाच्या नराला माद्या जागेवर येऊन मिळतात आणि तो दोन महिने तिथून हलत नाही. साइगाच्या नराला भर हिवाळ्यात फिरत्या जथ्यामागे धावायचे असते, आणि हंगाम संपेपर्यंत बरेच नर थकव्याने मरतात. सीलांत मारला जात होता तो जनानखान्यापर्यंत न पोचलेला तरुण नर, आणि सुटलेल्यांची फळी मागे उभी असे. साइगात मारला गेला तो जनानखान्याचा धनीच. कझाकस्तानात आज हा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. कडक संरक्षणामुळे आणि माद्यांच्या त्या अफाट वेगामुळे, २०१५ मध्ये जिवाणूच्या साथीत दोन लाखांहून अधिक जनावरे काही आठवड्यांत मेली तरीही, २०२४ च्या गणनेत तिथला साइगा २८ लाखांच्या पुढे गेला. शेतकरी पिकांच्या नासाडीची तक्रार करतात, संख्या आटोक्यात आणण्याची मागणी होते, आणि मारायचे तर किती, या प्रश्नापाठोपाठ कोणते, हा प्रश्न येतोच. शिंगांना बाजार असल्यामुळे नर मारण्यात पैसा आहे. कळप खरोखर कमी करायचा असेल तर मात्र नर मारून ते साधणार नाही, माद्याच माराव्या लागतील. नर मारत गेल्यास बराच काळ संख्या तशीच राहील आणि मग कडा आल्यावर एकदम कोसळेल. तेव्हा उद्दिष्ट कळप घटवण्याचे आहे की शिंगे विकण्याचे, हे परवान्यात नर-मादीचे प्रमाण काय लिहिले जाते त्यावरून कळेल.